ऐकू न येणारा आवाज किती वॉट खातो?

एलपी लावा, सुई टेकवा, आणि गाणं सुरू होण्याआधीच्या कोऱ्या खाचेवर सुई असताना स्पीकरची जाळी काढून वूफरकडे बघा. बऱ्याच घरांत त्याचा शंकू संथपणे आत-बाहेर होताना दिसेल. ऐकू मात्र काहीच येत नाही. २० हर्ट्झखालच्या ध्वनीला शाळेत आपण ‘अवश्राव्य’ म्हणायचो, हा तोच. माझ्या पीएचडीचा विषय स्पीकरमध्ये होणारी विकृती हा आहे, त्यामुळे पाहुणा म्हणून कुणाकडे गेलं तरी माझं लक्ष आधी तिकडेच जातं.

हे येतं कुठून? एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, म्हणजे एका फेरीला १.८ सेकंद. तबकडी जराशी वाकडी असली (आणि अगदी सपाट जुनी एलपी मिळणं कठीणच) की सुई प्रत्येक फेरीत वर-खाली होते. त्यातून सुमारे अर्ध्या हर्ट्झपासून काही हर्ट्झपर्यंतचा सिग्नल तयार होतो. त्यात टोनआर्मचं वजन आणि सुईची लवचीक दांडी मिळून स्प्रिंगवर टांगलेल्या वजनासारखी झुलतात. हा अनुनाद ८ ते १२ हर्ट्झमध्ये असावा असा संकेत आहे. जड आर्मवर फार लवचीक कार्ट्रिज बसवलं तर तो ६-७ हर्ट्झवर येतो आणि वाकडेपणाला आयताच झोका मिळतो.

वर आणखी एक गोष्ट. रेकॉर्ड कापताना खालचे सूर दाबलेले असतात, म्हणून फोनो प्रीअँप ते पुन्हा वाढवतो. २० हर्ट्झला ही वाढ १००० हर्ट्झच्या तुलनेत सुमारे ९ पट असते. हा तबल्याचा डग्गा आणि हा तबकडीचा बाक, हे त्याला कसं कळणार?

आता अँप्लिफायरचा हिशेब बघू. ८ ओमवर ५० वॉट देणारा अँप्लिफायर जास्तीत जास्त २८ व्होल्टच्या शिखरापर्यंत जातो. त्यातले ८ व्होल्ट या संथ लाटेने अडवले, तर संगीताला उरले २० व्होल्ट, म्हणजे २५ वॉट. गंमत अशी की लाटेची स्वतःची शक्ती जेमतेम ४ वॉट आहे! चार वॉटचा भाडेकरू निम्मं घर अडवून बसतो. मोठ्या आवाजात मग शिखरं छाटली जातात आणि ते छाटणं लाटेच्या तालावर येतं-जातं. व्हॉल्व्हवाल्या अँप्लिफायरचं दुखणं वेगळं: तेवढ्याच व्होल्टला आउटपुट ट्रान्सफॉर्मरमधला चुंबकीय प्रवाह ५ हर्ट्झवर ५० हर्ट्झच्या दहापट होतो, आणि गाभा संपृक्त होतो.

स्पीकरचे हाल याहून वाईट, खास करून मागे किंवा पुढे भोक असलेल्या बास-रिफ्लेक्स पेटीत. पेटीच्या ठरलेल्या वारंवारतेच्या बऱ्याच खाली शंकू आत गेला की हवा भोकातून सरळ बाहेर पडते. पेटीतल्या हवेची उशी अशी नाहीशी झाली की शंकूला धरून ठेवायला फक्त त्याची कड आणि मागची नागमोडी जाळी उरते. कॉइल चुंबकाच्या फटीतून बाहेर डोकावू लागते, तिथे जोर कमी पडतो. दोन-ड्रायव्हर स्पीकरमध्ये गायकाचा आवाजही बहुतांश त्याच शंकूतून येत असतो, त्यामुळे तोही लाटेबरोबर कमी-जास्त होतो. लोक याला ‘गढूळ’ आवाज म्हणतात आणि मोठा अँप्लिफायर विकत आणतात. त्याने छाटणी थांबेल, पण शंकू तेवढाच हलेल. आवाज आणखी वाढवलात तर जास्तच.

औषध साधं आहे: पॉवर अँप्लिफायरच्या आधी सबसॉनिक फिल्टर. २० हर्ट्झचा, अष्टकाला १८ डेसिबल उताराचा फिल्टर ५ हर्ट्झची लाट ६४ पटीने कमी करतो. पियानोची सगळ्यात खालची पट्टी २७.५ हर्ट्झची आहे, म्हणजे संगीत जवळजवळ शाबूत.

मला मात्र दुसरी युक्ती जास्त आवडते. स्टीरिओ खाचेत सुईची आडवी हालचाल दोन्ही चॅनेलना सारखा सिग्नल देते, उभी हालचाल उलटसुलट. बाक उभा असतो. खर्ज मात्र रेकॉर्ड कापताना बहुधा मधोमध, म्हणजे आडवा ठेवतात. म्हणून साधारण १०० हर्ट्झखाली दोन्ही चॅनेल एकत्र केले की बाकाचा सिग्नल स्वतःच स्वतःला खोडतो आणि खर्ज तसाच राहतो. मधलं छिद्र केंद्रापासून सरकलेलं असेल तर मात्र ही युक्ती चालत नाही, कारण ती हालचाल आडवी असते. तिथे फिल्टरच लागतो.