कर्जमाफी आणि वरची रक्कम

कर्जमाफी जाहीर झाली कीं देणें फिटलें, असें पुष्कळ शेतकरी बंधूंस वाटतें. खरी अडचण पुढेंच असते. इ. स. २०१७ च्या योजनेंत दीड लाखापर्यंतची थकबाकी माफ होती. पण पावणेदोन लाख थकलेल्यास वरचे पंचवीस हजार पदरचे भरल्यावांचून लाभ मिळत नसे. ज्याच्या घरीं बियाण्यास पैसा नाहीं, त्यानें ते आणावे कोठून? सावकाराकडून आणिले, तर सोसायटीचें देणें जाऊन अधिक महाग देणें मानेवर बसे. २०१९ च्या योजनेंत तर मुद्दल व व्याज मिळून ३० सप्टेंबर २०१९ रोजीं दोन लाखांवर गेलेलें खातें अपात्रच ठरलें. मुद्दल कमी असूनहि व्याजानें माणूस बाहेर पडला!

म्हणून आमची विनंति अशी कीं, योजनेची वाट न पाहतां मुद्दल व व्याज निरनिराळें दाखविणारा लेखी उतारा सोसायटीकडून दरसाल मागून घ्यावा. आधार प्रमाणीकरणाच्या वेळीं यादींतील आंकडा त्याशीं ताडून मगच अंगठा द्यावा. २०२० सालीं रक्कम अमान्य असल्यास जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे तक्रार करण्याची सोय होती. वडील वारले असल्यास वारसनोंद आधींच करावी. मृताच्या खात्यास अंगठा कोण देणार?