मोबाइल सेवेतील करारकालीन दरवाढ (भारत)

मोबाइल सेवेतील करारकालीन दरवाढ म्हणजे ग्राहकाने ठरावीक मुदतीसाठी घेतलेल्या योजनेची मुदत संपण्यापूर्वीच सेवा पुरवठादार कंपनीने त्या योजनेचे दर वाढवणे किंवा तिच्यातील लाभ कमी करणे. भारतात मोबाइल सेवेचे दर सरकार ठरवत नाही. तथापि एकदा विकलेल्या योजनेच्या अटी मुदतीच्या मध्येच ग्राहकाच्या विरोधात बदलण्यावर नियामक निर्बंध आहेत. अशा बदलाविरुद्ध कंपनीच्या अंतर्गत यंत्रणेकडे आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. या लेखात भारतातील कायदेशीर चौकट आणि पुणे शहरातील ग्राहकाला उपलब्ध असलेले मार्ग यांची माहिती दिली आहे.

पार्श्वभूमी

भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण (ट्राय) १९९७ च्या कायद्याने स्थापन झाले. दर अधिसूचित करण्याचा अधिकार या कायद्याच्या कलम ११ ने प्राधिकरणाला दिला आहे. प्राधिकरणाने १९९९ मध्ये दूरसंचार दर आदेश काढला आणि त्यात पुढे वेळोवेळी सुधारणा केल्या. स्पर्धा वाढत गेल्यावर मोबाइल सेवेच्या बहुतेक दरांबाबत प्राधिकरणाने दरनिश्चितीपासून अलिप्त राहण्याचे धोरण स्वीकारले. या धोरणानुसार कंपन्या आपले दर स्वतः ठरवतात आणि ते अंमलात आल्यापासून सात कामकाजी दिवसांत प्राधिकरणाला कळवतात.

जुलै २०२४ मधील दरवाढीने हा विषय घरोघरी पोहोचला. रिलायन्स जिओ आणि भारती एअरटेल यांचे नवे दर ३ जुलैपासून, तर व्होडाफोन आयडियाचे ४ जुलैपासून लागू झाले. जिओची २८ दिवसांची, दररोज दीड जीबी डेटा देणारी योजना २३९ रुपयांवरून २९९ रुपयांवर गेली. २८ दिवसांच्या हिशेबाने वर्षाला १३ रिचार्ज करावे लागत असल्यामुळे या एका योजनेवरील वार्षिक खर्च ३,१०७ रुपयांवरून ३,८८७ रुपयांवर, म्हणजे ७८० रुपयांनी वाढला. एअरटेलची २८ दिवसांची किमान योजना १७९ रुपयांवरून १९९ रुपयांवर गेली. दर बाजारातील स्पर्धेतून ठरतात आणि शासन त्यात हस्तक्षेप करत नाही, अशी भूमिका केंद्र सरकारने त्या वेळी मांडली.

मोबाइल क्रमांक आता केवळ संभाषणाचे साधन राहिलेला नाही. बँकेचा ओटीपी, आधारची पडताळणी, परीक्षेचे अर्ज आणि शिष्यवृत्तीचे संदेश त्याच क्रमांकावर येतात. पुण्यात शिक्षणासाठी खोली घेऊन राहणाऱ्या विद्यार्थ्याला किंवा रोजंदारीवरील कामगाराला रिचार्ज टाळणे त्यामुळे सहज शक्य नसते. दर वाढले म्हणून सेवा सोडून देणे हा पर्याय कागदावर असला तरी व्यवहारात तो मर्यादित आहे.

दरवाढ आणि करारभंग यांतील फरक

दरवाढीबद्दलच्या तक्रारींत दोन वेगळ्या गोष्टींची अनेकदा गल्लत होते. भविष्यात विकल्या जाणाऱ्या योजनांची किंमत वाढवणे हा कंपनीचा अधिकार आहे. आधीच विकलेल्या योजनेची किंमत वाढवणे किंवा तिचे लाभ कापणे हा मात्र दिलेल्या वचनाचा भंग ठरू शकतो.

प्रीपेड सेवेत रिचार्जची वैधता हीच प्रत्यक्षात कराराची मुदत असते. वैधता संपल्यानंतरचे पुढील रिचार्ज हा नवा व्यवहार मानला जातो आणि त्याला त्या दिवशीचा दर लागू होतो. उदाहरणार्थ, एखाद्या ग्राहकाने जून २०२४ मध्ये ३६५ दिवसांचे रिचार्ज केले असेल, तर जुलैमधील दरवाढीमुळे त्याच्याकडून उरलेल्या मुदतीसाठी जादा रक्कम मागता येत नाही किंवा त्याचा दैनंदिन डेटा कमी करता येत नाही. ज्याची २८ दिवसांची वैधता १० जुलैला संपली, त्याला मात्र पुढचे रिचार्ज नव्या दराने करावे लागले. पहिल्या उदाहरणात कपात झाली असती तर ती तक्रारीचे सबळ कारण ठरली असती. दुसऱ्या उदाहरणात केवळ दर वाढला या कारणावरून दाद मिळणे कठीण असते.

नियामक संरक्षण

दूरसंचार दर आदेशातील २००४ च्या ३१ व्या सुधारणेने ग्राहकाला पुढील संरक्षण दिले:

• ग्राहकाने एखादी दरयोजना स्वीकारल्यापासून किमान सहा महिने त्या योजनेतील कोणताही दर वाढवता येत नाही.
• सहा महिन्यांच्या आतही ग्राहक स्वतःच्या इच्छेने दुसरी योजना निवडू शकतो. अशी विनंती तातडीने किंवा पुढील बिलचक्रापासून अंमलात आणणे कंपनीवर बंधनकारक आहे.

मार्च २००६ मधील ४३ व्या सुधारणेने हे संरक्षण दीर्घ मुदतीच्या योजनांना लागू केले. त्या काळात एकरकमी शुल्क घेऊन ‘लाइफटाइम’ वैधता देणाऱ्या योजना लोकप्रिय होत्या. सहा महिन्यांपेक्षा अधिक मुदतीची म्हणून विकलेली योजना त्या संपूर्ण मुदतीत उपलब्ध राहिली पाहिजे, तर आजीवन म्हणून विकलेली योजना कंपनीचा परवाना किंवा त्याचे नूतनीकरण चालू असेपर्यंत टिकली पाहिजे, असे या सुधारणेने ठरवले.

दूरसंचार ग्राहक संरक्षण विनियम, २०१२ हा या चौकटीचा दुसरा आधार आहे. या विनियमांनी रिचार्ज व्हाउचरचे प्रकार निश्चित केले. दूरसंचार दर आदेशातील २०२२ च्या सुधारणेने ३० दिवसांच्या वैधतेचे आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला नूतनीकरण होणारे व्हाउचर उपलब्ध करून देणे कंपन्यांवर बंधनकारक केले. विनियमांच्या डिसेंबर २०२४ च्या सुधारणेने केवळ कॉल व एसएमएससाठीचे विशेष व्हाउचर अनिवार्य केले आणि विशेष व्हाउचरची कमाल वैधता ९० दिवसांवरून ३६५ दिवसांपर्यंत वाढवली. डेटा न वापरणाऱ्या ज्येष्ठ नागरिकांना आणि साधा फोन वापरणाऱ्यांना यामुळे नको असलेल्या सेवेचे पैसे न भरण्याचा पर्याय मिळाला.

दाद मागण्याचे टप्पे

पहिला टप्पा: कंपनीचे तक्रार केंद्र. दूरसंचार ग्राहक तक्रार निवारण विनियम, २०१२ नुसार प्रत्येक कंपनीला निःशुल्क तक्रार केंद्र चालवावे लागते. त्याचा क्रमांक १९८ आहे. तक्रार नोंदवल्यावर ग्राहकाला तक्रार क्रमांक मिळाला पाहिजे. पुढील प्रत्येक टप्प्यावर हा क्रमांक लागतो. तो नसेल तर तक्रार केल्याचा पुरावाच उरत नाही.

दुसरा टप्पा: अपीलीय प्राधिकारी. तक्रारीचे निराकरण झाले नाही किंवा ते समाधानकारक नसेल, तर ३० दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपीलीय प्राधिकाऱ्याकडे विनाशुल्क अपील करता येते. अपिलाचा निर्णय ३९ दिवसांत होणे अपेक्षित असते. ट्राय स्वतः वैयक्तिक तक्रारींचा निवाडा करत नाही.

तिसरा टप्पा: ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला असून त्यातील ‘सेवा’ या व्याख्येत दूरसंचार सेवेचा स्पष्ट उल्लेख आहे. कंपनीकडे अपील करणे ही आयोगाकडे जाण्याची पूर्वअट नाही, कारण या कायद्यातील उपाय इतर कायद्यांतील उपायांव्यतिरिक्त आहेत. तरीही आधीचा पत्रव्यवहार तक्रारदाराची बाजू बळकट करतो.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते. हेल्पलाइन कंपनीशी संपर्क साधून तडजोडीचा प्रयत्न करते, परंतु तिला बंधनकारक आदेश देण्याचा अधिकार नाही.

पुणे शहरातील प्रक्रिया

पुण्याचा ग्राहक चळवळीशी जुना संबंध आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीची स्थापना केली. देशात ग्राहक संरक्षणाचा पहिला स्वतंत्र कायदा त्यानंतर बारा वर्षांनी, १९८६ मध्ये आला.

पुणे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे तक्रार दाखल करण्यासाठी कंपनीचे मुख्यालय पुण्यात असणे आवश्यक नाही. २०१९ च्या कायद्याच्या कलम ३४ नुसार तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो तेथील आयोगाकडे तक्रार करता येते. सिमकार्ड दुसऱ्या राज्यात घेतलेले असले तरी पुण्यात राहणाऱ्याला यामुळे पुण्यातच दाद मागता येते. वस्तू किंवा सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही. वकील नेमणे सक्तीचे नाही. तक्रार ई-जागृती या संकेतस्थळावरूनही दाखल करता येते.

तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करावी लागते. तिच्यासोबत साधारणपणे पुढील कागदपत्रे जोडली जातात:

• रिचार्जची पावती किंवा पोस्टपेड बिले,
• योजना विकत घेतानाच्या अटी दाखवणारा संदेश, जाहिरात किंवा ॲपचे छायाचित्र,
• दर किंवा लाभ बदलल्याचे दर्शवणारा कंपनीचा संदेश,
• तक्रार क्रमांक आणि अपिलावरील उत्तर.

प्रीपेड ग्राहकाला मागील सहा महिन्यांतील वापराचा तपशील कंपनीकडून मागवता येतो व त्यासाठी ५० रुपयांपेक्षा अधिक शुल्क आकारता येत नाही. योजनेच्या मूळ अटी संकेतस्थळावरून कालांतराने नाहीशा होत असल्यामुळे खरेदीच्या दिवशीच त्यांची प्रत जपून ठेवणे महत्त्वाचे ठरते.

नोटीस मिळाल्यापासून कंपनीला उत्तरासाठी ३० दिवस व आयोगाच्या परवानगीने आणखी १५ दिवस मिळतात. ही ४५ दिवसांची मर्यादा ओलांडता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये स्पष्ट केले. आयोग जादा घेतलेली रक्कम परत करण्याचा, नुकसानभरपाई देण्याचा आणि अनुचित व्यापारी प्रथा थांबवण्याचा आदेश देऊ शकतो. आयोगाच्या निर्णयाविरुद्ध ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येते.

कंपनी हवे तेव्हा दर बदलू शकेल अशा कराराच्या कलमालाच आव्हान द्यायचे असल्यास मार्ग बदलतो. ‘अन्यायकारक करार’ ही संकल्पना २०१९ च्या कायद्याने आणली, परंतु त्यावरील तक्रारी जिल्हा आयोगाकडे नव्हे, तर राज्य आयोगाकडे किंवा राष्ट्रीय आयोगाकडे दाखल होतात.

सर्वोच्च न्यायालयाचा २०२२ चा निर्णय

ग्राहक आयोगाचे दार दूरसंचार ग्राहकांसाठी काही वर्षे जवळजवळ बंद होते. भारतीय तार कायदा, १८८५ च्या कलम ७-ब मध्ये लवादाची तरतूद असल्यामुळे टेलिफोन बिलांचे वाद ग्राहक मंचाकडे नेता येणार नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २००९ रोजी दिला होता. खाजगी मोबाइल कंपन्या या निर्णयाचा आधार घेऊन अधिकारक्षेत्राला हरकत घेत असत.

ही स्थिती अहमदाबादच्या एका ग्राहकाच्या प्रकरणामुळे बदलली. त्याचे सरासरी मासिक बिल ५५५ रुपये असताना नोव्हेंबर-डिसेंबर २०१३ या एका महिन्यासाठी त्याला २४,६०९.५१ रुपयांचे बिल आले. त्याने २०१४ मध्ये जिल्हा ग्राहक मंचाकडे तक्रार केली. मंचाला अधिकारच नाही, हा कंपनीचा आक्षेप सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड, सूर्यकांत आणि विक्रम नाथ यांच्या खंडपीठाने १६ फेब्रुवारी २०२२ रोजी तो आक्षेप फेटाळला. लवादाची तरतूद असली तरी ग्राहक कायद्यातील उपाय हा अतिरिक्त उपाय आहे आणि तो निवडण्याचे स्वातंत्र्य ग्राहकाला आहे, असे न्यायालयाने म्हटले. मूळ तक्रारीनंतर केवळ कोणाकडे दाद मागायची हे ठरण्यास जवळपास आठ वर्षे लागली.

दूरसंचार कायदा, २०२३ च्या कलम ३० मध्ये ऑनलाइन तक्रार निवारणाची तरतूद आहे. ती ग्राहकाच्या २०१९ च्या कायद्याखालील हक्काला बाधा आणणार नाही, असे त्या कलमातच नमूद केले आहे.

सामूहिक तक्रार

एका ग्राहकाचे नुकसान काही दहा रुपयांचे असते, म्हणून बहुतेक जण तक्रार करत नाहीत. या अडचणीवर कायद्यात तीन मार्ग आहेत. समान हितसंबंध असलेल्या ग्राहकांच्या वतीने एक किंवा अधिक ग्राहक आयोगाच्या परवानगीने तक्रार करू शकतात. नोंदणीकृत स्वयंसेवी ग्राहक संघटनाही तक्रारदार होऊ शकते. तसेच ग्राहकांचा समूह आणि सेवा पुरवठादार यांच्यातील वाद दूरसंचार विवाद निवारण व अपील न्यायाधिकरणाकडे नेता येतो. एकट्या ग्राहकाची तक्रार मात्र या न्यायाधिकरणाच्या कक्षेत येत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत जुलै २०२० मध्ये स्थापन झालेले केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण दहा लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते.

सर्व कंपन्यांनी एकाच आठवड्यात दर वाढवल्यास संगनमताची शंका घेतली जाते. असे आरोप भारतीय स्पर्धा आयोगाच्या कक्षेत येतात, परंतु दूरसंचार क्षेत्रातील तांत्रिक प्रश्नांवर आधी ट्रायने निष्कर्ष काढावा आणि त्यानंतर स्पर्धा आयोगाने चौकशी करावी, असे सर्वोच्च न्यायालयाने ५ डिसेंबर २०१८ च्या निर्णयात सांगितले.

क्रमांक सुवाह्यता

कायदेशीर दाद हा दरवाढीवरील एकमेव उपाय नाही. तोच क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून, तर एका सेवाक्षेत्रातून दुसऱ्या सेवाक्षेत्रात जातानाही ३ जुलै २०१५ पासून उपलब्ध आहे. त्यासाठी १९०० या क्रमांकावर एसएमएस पाठवून पोर्टिंग कोड मिळवावा लागतो. सध्याच्या कंपनीकडे किमान ९० दिवस झालेले असणे आणि पोस्टपेड बिल थकलेले नसणे या अटी आहेत. प्रीपेड खात्यातील शिल्लक रक्कम मात्र नव्या कंपनीकडे जात नाही. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर खाजगी कंपन्यांचे ग्राहक घटले आणि त्याच महिन्यात बीएसएनएलची ग्राहकसंख्या सुमारे २९ लाखांनी वाढली.

इतर देशांतील स्थिती

युरोपीय संघात कंपनीने कराराच्या अटी ग्राहकाच्या विरोधात बदलल्यास त्याची किमान एक महिना आधी सूचना द्यावी लागते आणि ग्राहकाला कोणताही भुर्दंड न भरता करार संपवता येतो. ब्रिटनमध्ये करारकाळात महागाई निर्देशांकानुसार दर वाढवण्याची प्रथा होती. तेथील नियामक ऑफकॉमने १७ जानेवारी २०२५ पासून नव्या करारांत अशी अनिश्चित वाढ बंद केली. वाढ करायचीच असेल तर तिची नेमकी रक्कम पौंड आणि पेन्समध्ये करार करतानाच सांगावी लागते. या देशांत एक-दोन वर्षांचे करार रूढ असल्यामुळे तेथील वादाचा भर करारातून बाहेर पडण्याच्या हक्कावर आहे. भारतात बहुसंख्य ग्राहक प्रीपेड असल्यामुळे तो विकत घेतलेल्या वैधतेच्या संरक्षणावर आहे.