वेषांतर किती वेळ टिकते?

बनावट नावाने टोळीत किंवा शत्रूच्या गोटात शिरणाऱ्या नायकाच्या चित्रपटावरचा विश्वास गोळीबारामुळे क्वचितच उडतो. नायक नव्या माणसांत पहिल्यांदा जेवायला बसतो आणि त्याला कोणी काहीच विचारत नाही, तेव्हाच तो विश्वास डळमळतो. वेष बदलायला तासभर पुरतो. रोज त्याच माणसांत राहून तो निभावणे फार कठीण असते आणि बहुतेक पटकथा नेमका हाच भाग गाळतात.

आजच्या वाशिम जिल्ह्यातल्या कारंजा शहराने यशस्वी वेषांतर पाहिले आहे. ऑक्टोबर १६७० मध्ये सुरतेची दुसरी लूट झाली आणि त्याच वर्षअखेरीस शिवाजी महाराजांच्या फौजा मोगलांच्या वऱ्हाडातील या श्रीमंत पेठेवर आल्या. जदुनाथ सरकार यांच्या शिवचरित्रानुसार सुमारे एक कोटीचा माल चार हजार बैल-गाढवांवर लादून नेण्यात आला आणि शहरातले धनिक खंडणीसाठी पकडले गेले. त्यांतला सर्वांत मोठा मात्र बाईच्या वेषात निसटला. स्त्रियांना हात लावायचा नाही, ही महाराजांची सक्त ताकीद सर्वांना ठाऊक होती. त्यामुळे त्याच्याकडे कोणी निरखून पाहिले नाही, कोणी त्याला बोलते केले नाही. गर्दी, घाई आणि थोडासा वेळ एवढ्यावर ते सोंग तरले. त्याच माणसाला छावणीत तीन दिवस राहावे लागले असते, तर पहिल्याच सकाळी तो उघडा पडला असता.

दीर्घ मुक्कामाचा प्रश्न वेगळा आहे. याच जिल्ह्यातल्या रिसोड किंवा मानोऱ्याच्या बाजारात नवखा माणूस दिसला की कोणत्या गावचे, कोणाकडले पाहुणे, मामाचे गाव कोणते, ही चौकशी चहा येण्याआधी होते. खोटे ओळखपत्र तिथे कामाला येत नाही. माणसाची ओळख त्याच्या सोयऱ्यांच्या आठवणीत असते आणि एका फोनवर ती पडताळता येते. गुन्हेगारी टोळ्याही अशाच नात्यागोत्यांवर व शिफारशीवर चालतात. म्हणूनच नायकाच्या वतीने शब्द कोण टाकतो, हे चित्रपटाने दाखवायलाच हवे. अमेरिकेच्या एफबीआयचा जोसेफ पिस्तोन १९७६ पासून १९८१ पर्यंत न्यूयॉर्कच्या माफियात ‘डॉनी ब्रास्को’ या नावाने वावरला. सुरुवातीचे कित्येक महिने तो त्यांच्या बारमध्ये नुसता बसून असे. तो स्वतःहून काही विचारत नसे. त्याच्यावरच्या १९९७ च्या चित्रपटाला एवढा धीर धरणे शक्य नव्हते.

१९७८ च्या ‘डॉन’ या हिंदी चित्रपटाने या अडचणीवर स्मृतिभ्रंशाची युक्ती काढली. टोळीप्रमुख डॉनच्या जागी पोलिसांनी पेरलेल्या, त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या विजयला माणसे ओळखता येत नाहीत, याचे कारण त्यामुळे मिळते. पण आठवणी गेल्या तरी हाताला वळण पडलेली कामे, सही आणि चालण्याची ढब सहसा टिकून राहते. जवळच्या साथीदारांना संशय यायला तेवढे पुरेसे होते.

याहून मोठी अडचण त्याला टोळीत पेरणाऱ्या डीएसपी डिसिल्वाची. विजय कोण आहे हे एकट्या त्याला माहीत असते आणि तो मरतो. उत्कंठेसाठी ही रचना अप्रतिम आहे, कामकाज म्हणून मात्र पटत नाही. गुप्त कारवाईलाही कागद लागतो. वाशिमच्या लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा साधा सापळा घ्या. लेखी तक्रार, सरकारी पंचांसमक्ष लाचेच्या मागणीची पडताळणी, नोटांचे क्रमांक, त्यांना लावलेली पावडर आणि पंचनामा. काही तासांच्या या कारवाईचे इतके साक्षीदार असतात, तर वर्षभराच्या घुसखोरीची एकही नोंद नसेल कशी?

निष्ठा सिद्ध करण्यासाठी नायकाला खून करायला लावणे, हा या चित्रपटांचा हुकमी प्रसंग. पुढे त्या खुनाचे काय होते, हे कोणी सांगत नाही. भारतीय न्याय संहितेचे कलम ३२ (पूर्वीचे भारतीय दंड संहितेचे कलम ९४) तात्काळ मृत्यूच्या धाकाखाली केलेल्या कृत्याला माफी देते, पण खून त्यातून वगळते. दरोडेखोरांचे स्वरूप माहीत असून आपखुशीने त्यांच्यात सामील झालेल्यालाही या कलमाचा लाभ मिळत नाही, असे त्याचे स्पष्टीकरण सांगते. पिस्तोनवर खुनाची कामगिरी सोपवली गेली, तेव्हा एफबीआयने त्याला बाहेर काढणे पसंत केले.

गोविंद निहलानी यांचा ‘द्रोहकाल’ (१९९४) या बाबतीत कितीतरी प्रामाणिक आहे. दहशतवादी संघटनेत पेरलेल्या माणसांचे रहस्य फक्त दोन अधिकाऱ्यांना माहीत असते. संघटनेच्या कमांडर भद्राला हे रहस्य फोडायला अधिकाऱ्याचे घर आणि कुटुंब पुरते. हेराचा जीव त्याच्या अभिनयकौशल्याइतकाच बाहेर बसलेल्या माणसाच्या सहनशक्तीवर अवलंबून असतो, हे मराठी-हिंदी पडद्यावर इतक्या गांभीर्याने क्वचितच आले आहे.

उरतो तो खटला. अड्डा जळतो, नायक जखमी अवस्थेत बाहेर येतो आणि चित्रपट संपतो. पुरावाही त्याच आगीत गेलेला असतो. न्यायालयात आवाजाच्या ध्वनिफिती, जप्तीचे पंचनामे आणि उलटतपासणीत टिकणारी साक्ष लागते. लाचेच्या साध्या प्रकरणातही मागणी आणि स्वीकार दोन्ही सिद्ध व्हायलाच हवेत, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने डिसेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले. पिस्तोनच्या कामगिरीतून शंभराहून अधिक गुन्हेगारांना शिक्षा झाल्या. त्यासाठी बाहेर आल्यावर त्याला पुढची अनेक वर्षे, खऱ्या नावाने, साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागले.