सात की साठ?

सकाळी ७:४५

ड्युटी आठची, पण ओव्हर, म्हणजे आधीच्या पाळीकडून रुग्णांचा ताबा, घ्यायचा तर पंधरा मिनिटं आधी वॉर्डात पाय हवा. बायकांचा मेडिसिन वॉर्ड. मंजूर खाटा ३०, आज रुग्ण ४१. म्हणजे अकरा जणी खाली, दोन खाटांच्या मधे गादी टाकून. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषाप्रमाणे अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका हवी. सकाळच्या पाळीला आम्ही चौघी, त्यात इन्चार्ज म्हणून मी धरलेली. हे रडगाणं एकदाच गाते, पुन्हा नाही. रुग्णसुरक्षेवर बोलायचं तर आधी हा हिशेब समोर असावा, एवढंच.

रात्रीच्या सिस्टरला बारा तास झालेत, डोळे मिटायला आलेत. तरी ओव्हर टेबलाशी नाही, खाटेपाशी. पूर्वी आम्ही चहा घेत टेबलाशीच बसायचो आणि ‘सतरा नंबर ठीक आहे’ एवढ्यावर सह्या व्हायच्या. खाटेपाशी गेलं की सतरा नंबरच्या हाताला सलाईनच्या जागी आलेली सूज दिसते. केसपेपरवर ती नसते.

एकवीस नंबरची आजी रात्री दोनदा एकटीच संडासकडे निघाली होती. सून शेजारीच झोपलेली. “तिला कशाला उठवू, दिसभर राबती बिचारी,” म्हणाली म्हणे. वॉर्डात म्हाताऱ्या बायका चक्कर येऊन जितक्या पडतात, तितक्याच भिडेपोटी पडत असाव्यात. खाटेचा कठडा वर केला, सुनेला जागं करून सांगितलं, आणि मावशींना म्हटलं, फरशी पुसली की वाळेपर्यंत तिथेच उभ्या राहा.

८:३०

इमर्जन्सी ट्रॉली. अँबू बॅग दाबून बघायची, सक्शन चालू करून बघायचं, लॅरिंगोस्कोपचा दिवा लावून बघायचा. ‘आहे’ म्हणून टिक मारायची नाही. दिवा असतो, सेल संपलेले असतात.

मग मागचं दार. ९ जानेवारी २०२१ ला मध्यरात्रीनंतर भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली. त्या आठवड्यात मी आमच्या मागच्या दारासमोरचं मोडक्या खाटांचं कोठार हलवायला लावलं. दर दोन महिन्यांनी ते परत तिथेच साठतं. आजही एक सलाईन स्टँड येऊन उभा आहे. मामांना हाक मारली.

९:००

औषधांची फेरी. नव्या मुलींना पहिल्याच दिवशी सांगते, “तुमचं नाव शांताबाई ना?” असं विचारायचं नाही. कानाला कमी ऐकू येतं, अंगात ताप, समोर पांढरा कोट. बाई कशालाही मान डोलावते. “तुमचं पूर्ण नाव सांगा,” असं विचारायचं.

आता पूर्ण नाव म्हटलं की त्यात नवऱ्याचं नाव आलं, आणि सत्तरीच्या बाया ते घेत नाहीत. आज वॉर्डात दोन शांताबाई आहेत (नाव बदललंय, पण दोघींचं एकच). आडनाव एक, तालुका एक. एकीला रक्त पातळ ठेवायचं इंजेक्शन चालू आहे. दुसरीच्या पोटातल्या अल्सरमधून रक्त गेलंय. पहिलीचं इंजेक्शन दुसरीला गेलं तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको.

“शांताबाई, मालकांचं नाव?”

पदर तोंडाला. मग हळूच, “अवं, त्यो बासरीवाला.”

कृष्णा. शेजारच्या चार खाटा हसल्या. तेवढ्यावर भागत नाही, म्हणून मनगटावरच्या पट्टीचा नंबर केसपेपरच्या नंबराशी लावून बघितला. मगच सुई. खाटेचा नंबर ही ओळख धरायची नाही, कारण खालच्या गादीवरची बाई दुपारी खाट रिकामी झाली की वर जाते आणि नंबर बदलतो.

याच फेरीत इन्सुलिन. आपल्याकडे इन्सुलिनची व्हायल बहुतेक ठिकाणी मिलिलिटरला ४० युनिटची, तर पेनमधली आणि काही व्हायल १०० ची. सिरिंजही दोन जातीच्या, ४० ची लाल टोपणाची आणि १०० ची केशरी. शंभरचं औषध लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये वीसच्या रेघेपर्यंत ओढलं तर अंगात जातात ५० युनिट. कुणी बेफिकीर असायची गरज नाही, फक्त खोक्यात दोन टोपणं एकत्र पडलेली असली की झालं. आमच्या कपाटात आता एकच जात ठेवली आहे. हा निर्णय मीटिंगमध्ये झाला नाही. मी केशरी खोकं उचलून स्टोअरला परत पाठवलं, आणि त्याबद्दल बोलणीही खाल्ली.

१०:२०

नवी सिस्टर माझ्यापाशी येऊन उभी राहिली. तीन महिने झालेत तिला लागून. हातात दहा मिलिची एक प्लॅस्टिकची अँप्युल, हात थरथरतोय.

“मॅडम, हे डिस्टिल्ड वॉटर नाहीये.”

नव्हतंच. पोटॅशियम क्लोराइड होतं. ती सेफ्ट्रिअ‍ॅक्झोनची एक ग्रॅमची पूड विरघळवायला पाणी घेत होती. अँप्युलचं डोकं पिरगाळायच्या आधी तिने नाव वाचलं. वाचलं नसतं तर दीड ग्रॅम पोटॅशियम थेट शिरेत गेलं असतं. सलाईनमध्ये मिसळून तासन् तास, थेंबाथेंबाने द्यायचं ते औषध. एकदम दिलं तर हृदय थांबू शकतं.

माझ्या तोंडावर पहिलं वाक्य आलं ते असं, “लक्ष कुठे होतं तुझं?” ते गिळलं. लक्ष होतं, म्हणून तर ती इथे उभी होती.

वीस वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका रुग्णालयात, मी एका बाईला शेजारच्या खाटेचं अँटिबायोटिक दिलं होतं. तिला काही झालं नाही. पण रात्रभर मी तिच्याभोवती घिरट्या घालत होते, दर पंधरा मिनिटांनी नाडी बघत होते. ती म्हणाली, “किती काळजी घेता हो सिस्टर.” मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मेमो आला असता, आणि माझी नोकरी तेव्हा कायम नव्हती. चूक झाली ती भिंतीवरचे खाटांचे नंबर पुसट झाले होते म्हणून. १४ आणि १९ सारखेच दिसायचे. मी गप्प राहिले, आणि पुढे वर्षभर ते नंबर तसेच पुसट राहिले. त्या वर्षात आणखी कुणाचं इंजेक्शन कुणाला गेलं असेल, ते मला आजही माहीत नाही.

“बस,” मी नव्या सिस्टरला म्हटलं. “पाणी पी. मग ट्रे दाखव.”

ट्रेमध्ये सात अँप्युल्सची जागा. सहा पाण्याच्या, जिथून ती सातवी आली ती जागा रिकामी. रात्री चौदा नंबरचं पोटॅशियम कमी आलं होतं. कपाटातून दोन अँप्युल्स काढल्या, एक पाचशेच्या सलाईनमध्ये घातली, दुसरी लागली नाही. पहाटे तीनला, एकेचाळीस रुग्णांत, ती जवळच्या ट्रेमध्ये ठेवली गेली. शिवाय या महिन्यात स्टोअरने कंपनी बदलली आहे. आता पाणी आणि पोटॅशियम दोन्ही पारदर्शक प्लॅस्टिकमध्ये, दोन्हींवर निळी बारीक अक्षरं. चष्मा काढून मी दोन्ही हातभर लांब धरल्या. मलाही फरक कळला नाही.

११:१५

राउंड. मोठ्या सरांच्या मागे निवासी डॉक्टर, त्यांच्यामागे विद्यार्थी. हात चोळायच्या बाटल्या खाटेखाटेला लावल्या आहेत, पण प्रत्येक रुग्णामागे हात चोळणारे थोडे. वीस-तीस सेकंदांचं काम. आज एका निवासी डॉक्टरला मी बाटली पुढे केली, सगळ्यांसमोर. तो ओशाळला, सर हसले आणि त्यांनीही हात पुढे केला. सरांना अशी बाटली पुढे करायला मला बावीस वर्षांची नोकरी लागली. नव्या मुलीने केली तर चालेल का? खरा प्रश्न तो आहे, आणि उत्तर अजून ‘नाही’ असंच आहे.

१२:४०

फोन. सहा नंबरची साखर वाढली आहे, डॉक्टर कॅज्युअल्टीत अडकलेत. “सिस्टर, इन्सुलिन सात युनिट द्या.”

मागे स्ट्रेचरची खडखड, कुणीतरी रडतंय. सात की साठ? मराठीतले हे दोन आकडे फोनवर सख्खे भाऊ. “सर, परत सांगते. सहा नंबर, इन्सुलिन, सात. सहानंतरचे सात. बरोबर?” ते क्षणभर वैतागले, मग म्हणाले, “बरोबर.” वहीत लिहिलं, वेळ टाकली, आणि ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहिला. नुसता इंग्रजी ‘यू’ लिहिला तर घाईत तो शून्यासारखा दिसतो, आणि ४ चे ४० होतात. डॉक्टर वर आले की सही घ्यायची.

१:१०

अनुचित घटनेचा फॉर्म. आमच्या फॉर्मवर तिसराच रकाना आहे ‘जबाबदार कर्मचाऱ्याचे नाव’. काय घडलं हा प्रश्न त्याच्या खाली, सातवा. मी तिसऱ्या रकान्यात आडवी रेघ मारली, किडनी ट्रेमध्ये दोन्ही अँप्युल्स ठेवल्या आणि मेट्रनबाईंच्या ऑफिसात गेले.

“नाव?” त्या म्हणाल्या.

“मॅडम, यातली पाण्याची कुठली ते आधी सांगा.”

त्यांनी चष्मा लावला, उजवीकडची उचलली. चुकली होती. त्या काही वेळ बोलल्या नाहीत.

मागे एका प्रशिक्षणात जेम्स रीझन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाचं चित्र दाखवलं होतं. भोकं असलेले चीजचे तुकडे एकामागे एक, आणि सगळी भोकं एका रेषेत आली की अपघात आरपार जातो. चीज आमच्या मावशींना काही कळलं नाही. त्या म्हणाल्या, “म्हणजे आंबोळ्या की. एकीवर एक ठेवायच्या, भोकावर भोक आलं की रस्सा खाली.” मेट्रनबाई तेव्हा माझ्या शेजारी बसल्या होत्या. आज त्याच म्हणाल्या, “आंबोळीच झाली म्हणायची.” मग लगेच, “पण रकाना रिकामा चालत नाही.”

“नाव लिहिलं तर पुढच्या महिन्यापासून हे रजिस्टर कोरंच येईल, मॅडम.”

शेजारच्या एका वॉर्डाचं रजिस्टर आठ महिने कोरं आहे. पाहणीला पथक येतं तेव्हा त्याचं कौतुक होतं. मी तिथे दोन वर्षं काम केलंय. मला त्या कोऱ्या पानांची भीती वाटते.

त्यांनी स्टोअरला पत्र लिहायला घेतलं. नावाच्या रकान्याचं ‘बघू’ म्हणाल्या. म्हणजे अजून ठरलेलं नाही.

२:००

दुपारच्या सिस्टर आल्या. परत खाटेपाशी, परत पहिल्यापासून. एकवीस नंबरची आजी झोपली आहे, कठडा वर, सून जागी. दोन शांताबाई, दोघींच्या केसपेपरवर लाल शाईने ‘एकाच नावाच्या दोन रुग्ण’. सहा नंबरची साखर उतरते आहे.

चौदा नंबरपाशी मी बोलणार होते. नवी सिस्टर पुढे आली आणि स्वतःच सांगू लागली, आवाज जरा कापरा, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा. सकाळी माझ्याकडून असं होणार होतं, ट्रेमध्ये हे होतं, हे बघा दोन्ही. दुपारच्या सिस्टरने अँप्युल्स हातात घेतल्या, उजेडाकडे धरल्या आणि म्हणाली, “परवा माझ्या हातात पण आली होती. मी गुपचूप परत ठेवली.”

पोटॅशियमच्या सगळ्या अँप्युल्स ट्रेमधून आणि कपाटातून काढून वेगळ्या डब्यात ठेवल्या. लाल चिकटपट्टी, कुलूप, किल्ली पाळीच्या इन्चार्जकडे. नव्या सिस्टरने आणि दुपारच्या सिस्टरने मिळून मोजल्या. नऊ. वहीत लिहिलं, ‘९ (नऊ)’, खाली दोघींच्या सह्या, वेळ २:२५.