तक्रार नोंदविण्यापूर्वी

संगणकावरील मराठीविषयी आमच्या घराघरांतून जी कुरकुर कानी येते, तीत ‘र’ या अक्षराचा वाटा मोठा आहे. ‘आचाऱ्यास वेतन दिले’ असे लिहावे आणि कागदावर ‘आचार्यास वेतन दिले’ असे उमटावे, हा चमत्कार शाळेच्या भोजनखर्चाच्या पत्रकात आम्ही डोळ्यांनी पाहिला आहे. स्वयंपाक्याची अशी विद्यापीठीय बढती झालेली पाहून आम्हांस हसू आले. परंतु शेजारी बसलेल्या कानडी लेखनिकास त्यात काहीच वावगे दिसले नाही, आणि दिसावे तरी का? पुण्यामुंबईस असा दोष दहाजणांच्या नजरेत भरतो. बेळगाव, बडोदे, इंदूर किंवा हैदराबाद येथील मराठी घरात मात्र तो दाखवून देणारा बहुधा कोणी नसतो आणि मुले पडद्यावर दिसते तेच शुद्ध समजतात. ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील आणि ‘दर्या’ म्हणजे समुद्र, हा भेद एकदा डोळ्यांआड झाला, की तो पुन्हा शिकविणे किती कठीण जाते, हे आम्हां शिक्षकांस विचारावे.

तेव्हा दोष दिसताच तो दुरुस्त करणाऱ्यापर्यंत पोहोचविणे, हे काम आपलेच आहे. सुदैवाने तो मार्ग आता खुला आहे. पुष्कळ संगणक-प्रणालींचे कर्ते आपल्या दोषांची नोंदवही उघडी ठेवतात. अशा वह्यांत ‘बगझिला’ ही फार प्रसिद्ध. १९९८ साली टेरी वाइसमन यांनी ती मोझिला प्रकल्पासाठी रचली. फायरफॉक्सच्या दोषांची नोंद आजही तीत होते आणि लिबरऑफिसचे कर्तेही बगझिलाच वापरतात. दोषास ‘बग’ म्हणजे किडा म्हणण्याची रीत संगणकाहून जुनी असून एडिसनने १८७८ मध्ये एका पत्रात तो शब्द वापरलेला आढळतो. पुढे ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डच्या ‘मार्क टू’ या यंत्रात खराखुरा पतंग सापडला, तेव्हा तंत्रज्ञांनी तो रोजनिशीच्या पानावरच चिकटवून ठेवला. इतकी नेटकी नोंद पुढे फार थोड्यांनी केली असेल!

मोझिलाच्या वहीतील नोंदींचे क्रमांक १० लाखांच्या पुढे केव्हाच गेले आहेत. म्हणूनच तेथे पहिला शिष्टाचार असा, की नवी तक्रार लिहिण्यापूर्वी जुनी शोधावी. एकाच दोषाच्या वीस नोंदी झाल्या, तर त्या वाचून, ताडून एकत्र बांधण्यात कोणा स्वयंसेवकाची संध्याकाळ खर्ची पडते. त्या वेळात कदाचित दोषच दुरुस्त झाला असता. नोंदी चाळण्यास खातेही उघडावे लागत नाही, ते तक्रार लिहिताना लागते.

परंतु शोधणे ही एक कला आहे. ‘मराठी नीट दिसत नाही’ अशा शब्दांत शोधणाऱ्यास काहीच हाती लागत नाही, कारण ज्याने आधी तक्रार केली त्याने ती निराळ्याच शब्दांत केलेली असते. वहीची भाषा इंग्रजी. आपल्या या ‘र’ला तेथे ‘आयलॅश रा’, म्हणजे पापणीसारखा र, असे नाव आहे. ते रोमन लिपीत लिहून पाहावे. मग ‘देवनागरी’, ‘इंडिक’, ‘रेफ’ असे एकेक शब्द टाकीत जावे. आणि ‘नेपाळी’ विसरू नये. नेपाळीत ‘गऱ्यो’, ‘मऱ्यो’, ‘पऱ्यो’ अशी भूतकाळाची रूपे पावलोपावली येत असल्यामुळे हा र त्यांना आपल्याइतकाच, किंबहुना अधिकच, लागतो. आपले गाऱ्हाणे काठमांडूच्या एखाद्या गृहस्थाने आधीच वेशीवर टांगलेले असणे अगदी शक्य आहे.

दुसरी अडचण खुद्द अक्षराचीच. युनिकोडमध्ये हा र दोन रीतींनी लिहिता येतो: नुक्ता असलेल्या ‘ऱ’ला हलन्त जोडून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त जोडून पुढे एक अदृश्य, शून्य रुंदीचा जोडक घालून. डोळ्यांस दोन्ही सारखेच. शोधणाऱ्या यंत्रास मात्र ते दोन निराळे शब्द वाटू शकतात. म्हणून दोन्ही रीतींनी शोधावे. शिवाय बगझिलाचा झटपट शोध सहसा उघड्या नोंदीच दाखवितो. मिटलेल्याही हव्या असल्यास आरंभी मोठ्या रोमन अक्षरांत ‘ऑल’ लिहावे लागते. पुष्कळदा दोष नव्या आवृत्तीत दुरुस्त झालेला असतो आणि आपण जुनीच घेऊन बसलेलो असतो.

जुनी नोंद सापडली, तरी ती आपल्याच दोषाची आहे काय, हे पाहणे राहतेच. ‘आचाऱ्या’चा ‘आचार्य’ होण्यास निदान तीन कारणे संभवतात. एखादी प्रणाली तो अदृश्य जोडक निरुपयोगी समजून गाळते. किंवा फॉन्टमध्ये हा र घडविलेलाच नसतो. किंवा अक्षरे जुळविणारे यंत्रच चुकते. फायरफॉक्स, क्रोम, लिबरऑफिस या सर्वांत जुळवणीचे काम ‘हार्फबझ’ नावाची एकच यंत्रणा करते. ‘हर्फ’ म्हणजे अक्षर, हे हैदराबाद-ग्वाल्हेरकडील वाचकांस सांगावयास नको. अशा वेळी प्रथम फॉन्ट बदलून पाहावा. तेवढ्याने शब्द सुधारला, तर दोष फॉन्टचा. नाही तर तोच शब्द उचलून दुसऱ्या प्रणालीत चिकटवावा. तेथे तो नीट दिसला, तर अक्षरे शाबूत असून पहिल्या ठिकाणी केवळ दाखविण्यात चूक आहे. तेथेही ‘आचार्य’च राहिला, तर जोडक वाटेतच गळाला असे समजण्यास हरकत नाही. लक्षण एक आणि कारणे तीन असली, तर नोंदीही तीनच हव्यात.

काही मंडळी आपली तक्रार ‘डुप्लिकेट’ ठरेल या धास्तीने गप्प बसतात, ते आम्हांस मान्य नाही. तसा शेरा पडला, तर बगझिला तक्रारदाराचे नाव मूळ नोंदीच्या वार्ताप्राप्तांत जोडून देते, आणि पुढील हालचाल त्यास घरबसल्या कळते. यात अपमान कसला? मनापासून शोधूनही सापडले नाही, तर खुशाल नवी नोंद करावी.

सापडली, तर मात्र तिच्याखाली ‘आमचेही असेच होते’ एवढेच लिहून थांबू नये. तसल्या ओळींनी वही भरते, काम हलत नाही. प्रणालीची आवृत्ती, फॉन्टचे नाव, काय टाकले आणि काय उमटले हे लिहावे, आणि सोबत पडद्याचे चित्र जोडावे. मराठी न जाणणाऱ्या अभियंत्यास ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ शेजारी शेजारी लिहून, पहिल्याचा अर्थ समुद्र आणि दुसऱ्याचा डोंगरांमधील खोलगट भाग, एवढे इंग्रजीत सांगितले, तरी पुष्कळ उलगडा होतो.