कोड : समज आणि गैरसमज

अंगावर पांढरा डाग उमटला की आपल्या घरांत "यावर उपाय काय?" हा प्रश्न मागाहून येतो, "कोणी पाहिले तर नाही ना?" हा आधी. मुलीच्या अंगावर असेल तर तो अधिकच कसोशीने झाकला जातो आणि उपचाराचा मोलाचा काळ त्यातच निघून जातो. म्हणून कोड म्हणजे काय, हे नीट समजून घेतले पाहिजे.

आपल्या कातडीत रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. रक्तातील पांढऱ्या पेशींचे काम बाहेरून आलेल्या जंतूंचा नाश करण्याचे. कोडामध्ये त्यांतील काही पेशी रंगपेशींनाच शत्रू समजतात. राखणदाराने घरच्याच माणसावर काठी उगारावी, तसा हा प्रकार होय. यात जंतूच नाही. मग संसर्ग कोठून होणार? मासे खाऊन वर दूध प्याल्याने कोड होते, ही समजूतही निराधार आहे.

महारोगाशी तर कोडाचा काहीच संबंध नाही. त्वचारोगतज्ज्ञ डागाला कापसाची वात लावून पाहतो. महारोगाच्या चट्ट्यात स्पर्शज्ञान बहुधा मंदावलेले असते. कोडाच्या डागात ते शाबूत असते. पुष्कळदा तो गळ्यातील थायरॉइड ग्रंथीचीही तपासणी करावयास सांगतो; कारण राखणदाराची अशीच चूक तेथेही झालेली असू शकते. डाग नेमका टिकलीच्या वा रबरी चपलेच्या पट्ट्याच्या जागी असेल, तर त्यांतील एखादे रसायन कारण असू शकते. तेव्हा पहिला उपाय म्हणजे ती वस्तू सोडणे.

बावची आपल्या वैद्यांना पूर्वापार ठाऊक आहे. तिच्यातील सोरालेन आणि ऊन यांच्या योगाने रंग परतू शकतो; मात्र आपल्याच बुद्धीने बावची लावून उन्हात बसल्यास अंगावर फोड येतात. आज मोजून दिलेले अतिनील किरण आणि निरनिराळी मलमे उपलब्ध आहेत. २०२२ साली अमेरिकेत रुक्सोलिटिनिब या मलमास कोडासाठी मान्यता मिळाली. रंग परततो तो बहुधा केसांच्या मुळांपासून, ठिपक्याठिपक्यांनी. म्हणून डागातले केस काळे आहेत तोवर आशा अधिक. ओठांवर व बोटांच्या टोकांवर यश कमी. उपचाराला महिने लागतात, आणि प्रत्येकाला पूर्ण गुण येईलच असे नाही.

तेव्हा डाग दिसताच तो तज्ज्ञास दाखवावा. आणि ज्याचा रंग परतला नाही, त्याला पंगतीत शेजारी बसवून घेण्यास किंवा त्याच्या घरी सोयरीक जुळविण्यास कोणत्याही मलमाची वाट पाहावी लागत नाही.