अमावास्या, कपाशी आणि बोंडअळीचा पतंग

नागपूर : पोळ्याची अमावास्या हा विदर्भात बैलांच्या विश्रांतीचा दिवस. आदल्या संध्याकाळी खांदमळणी होते आणि पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू चढत नाही. दुसऱ्या दिवशी नागपुरात तान्हा पोळा भरतो, काळ्या आणि पिवळ्या मारबतीची मिरवणूक निघते आणि रोगराई, इडापीडा गावाबाहेर निघून जावी, अशी प्रार्थना केली जाते. मात्र याच अमावास्येच्या सुमारास कृषी विभाग आणि कृषी विद्यापीठांचे सल्ले कापूस उत्पादकांना नेमके उलट सांगतात : या दिवसांत शेताकडे पाठ फिरवू नका, कारण बोंडअळीचे पतंग अंधाऱ्या रात्रींत अंडी घालतात.

चंद्राच्या कलांचा आणि शेतीचा संबंध हा एरवी श्रद्धेचा, नाही तर थट्टेचा विषय. येथे मात्र पंचांगातील तिथी थेट शास्त्रीय सल्ल्यात येऊन बसली आहे. त्यामुळे चंद्राविषयीच्या कोणत्या समजुतीला आधार आहे आणि कोणती केवळ परंपरेने चालत आली, हे तपासून पाहणे उपयुक्त ठरावे.

पेरणी सूर्यावर, विसावा चंद्रावर

शेतकरी सारे काही चंद्र पाहून करतो, हा शहरी समज मुळात खरा नाही. पेरणीसाठी त्याने भरवसा ठेवला तो सूर्यावर. मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य ही पावसाची नक्षत्रे चंद्राची नव्हेत, तर सूर्य ज्या नक्षत्रात प्रवेश करतो त्यावरून मोजलेली आहेत. प्रत्येक नक्षत्राचा कालावधी 13 ते 14 दिवसांचा. म्हणूनच मृग दरवर्षी 7 किंवा 8 जूनच्या आसपासच लागतो. मोसमी पाऊस ऋतुचक्राशी, म्हणजे सूर्याशी बांधलेला असल्याने ही निवड शहाणपणाची होती.

सण, उपास आणि कामाला सुट्टी यांसाठी मात्र चंद्राची तिथी पाळली गेली. चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा आणि चांद्रवर्ष सुमारे 354 दिवसांचे असल्याने तिथी दरवर्षी सुमारे 11 दिवस मागे सरकते, आणि अधिक मास आला की पुन्हा पुढे जाते. पोळा 2020 मध्ये 18 ऑगस्टला होता. 2023 मध्ये अधिक श्रावणामुळे तो 14 सप्टेंबरला आला. एकाच नावाच्या दोन अमावास्यांमध्ये 27 दिवसांचा फरक पडला. एवढ्या काळात कपाशी पात्यांवरून फुलांवर आणि फुलांवरून बोंडांवर येते. केवळ तिथीचे नाव पाहून पिकाचा निर्णय घेता येत नाही, तो यामुळेच.

अंधार कोणाच्या सोयीचा

बोंडअळ्यांचे पतंग निशाचर आहेत. त्यांचे मीलन आणि अंडी घालणे रात्रीच चालते. चांदण्या रात्रींपेक्षा अंधाऱ्या रात्रींत हिरव्या बोंडअळीच्या पतंगांची हालचाल आणि अंडी अधिक आढळतात, अशा नोंदी कापूस पिकवणाऱ्या देशांत फार पूर्वीपासून होत आल्या आहेत. अमेरिकेतील टेक्सासमध्ये झालेल्या अशा अभ्यासाचे निष्कर्ष 1971 साली प्रसिद्ध झाले.

अर्थात या नोंदी वाचताना एक काळजी घ्यावी लागते. पतंगांची मोजणी पुष्कळदा प्रकाश सापळ्यावर, म्हणजे दिव्याकडे ओढल्या जाणाऱ्या कीटकांवर होते. पौर्णिमेला सापळ्यात कमी कीटक सापडतात, हे इंग्लंडमधील रॉथमस्टेड संशोधन केंद्रात 1930 च्या दशकातच दिसून आले होते. परंतु चांदणे असताना दिव्याचा प्रभाव आपोआप कमी होतो, त्यामुळे पौर्णिमेला पतंग कमी नसून सापळाच दुबळा असतो, असा आक्षेप पुढे घेतला गेला. त्यात तथ्य आहे. म्हणूनच सापळ्यातील आकड्यापेक्षा झाडावर प्रत्यक्ष मोजलेली अंडी हा अधिक भरवशाचा पुरावा ठरतो.

अमावास्या म्हणजे चंद्राची एखादी गूढ शक्ती नव्हे, तर उजेडाचा अभाव, हा यातील कळीचा मुद्दा आहे. रात्री वावरणाऱ्या कीटकाला उजेड-अंधाराचा फरक पडतो. मातीखालच्या बियाण्याला तो पडण्याचे कारण नाही.

बोंडात शिरण्याआधीचे चार दिवस

तिथीला व्यवहारात महत्त्व येते ते अळीच्या जीवनक्रमामुळे. गुलाबी बोंडअळीचा पतंग पात्या, फुले आणि कोवळ्या बोंडांच्या देठाजवळ अंडी घालतो. साधारण तीन ते सहा दिवसांत अळी बाहेर पडते आणि लवकरच फुलात किंवा बोंडात शिरते. तिने पाडलेले छिद्र काही काळाने बुजून जाते. बोंड बाहेरून धडधाकट दिसते; आत मात्र सरकी खाल्ली जाते, रुई डागाळते आणि वेचणीच्या वेळी हाती कवडी येते. एकदा अळी आत गेली की फवारलेले औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही. उपाय करायचा तर अंडी आणि नुकत्या बाहेर पडलेल्या अळ्या उघड्यावर असतानाच.

अमावास्येच्या आसपास पाच टक्के निंबोळी अर्क फवारण्याच्या सल्ल्यामागे हेच गणित आहे. निंबोळी अर्काच्या वासाने आणि चवीने पतंग अंडी घालण्यास कचरतात, अळ्यांची वाढ खुंटते, आणि मित्रकीटकांना रासायनिक औषधांइतकी हानी पोहोचत नाही.

गुलाबी अळीचे महत्त्व अलीकडच्या काळात वाढले, त्याला कारण आहे. बीटी कपाशीला भारतात 2002 मध्ये परवानगी मिळाली, दोन जनुकांचे वाण 2006 मध्ये आले. हिरवी बोंडअळी त्यामुळे मागे हटली. गुलाबी अळीने मात्र दोन्हींविरुद्ध प्रतिकारशक्ती मिळवली आणि 2017 च्या हंगामात विदर्भासह राज्याच्या मोठ्या कापूसपट्ट्यात थैमान घातले. नागपूर येथील केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने तेव्हापासून सापळे, निरीक्षण आणि वेळेवर हंगाम संपवणे यांवर भर दिला आहे.

बांबू, लाकूड आणि वर चढणारा रस

चंद्राविषयीच्या इतर समजुतींना मात्र असा आधार सापडत नाही. बांबू वद्य पक्षात तोडावा, म्हणजे त्याला भुंगा लागत नाही, असे अनेक ठिकाणी मानले जाते. ही समजूत भारतापुरती नाही. लाकूडतोड क्षीण चंद्रात करावी, असे रोमन लेखक केटोने दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी लिहून ठेवले आहे. भुंगा बांबूत शिरतो तो त्यातील पिठूळ पदार्थासाठी, आणि त्याचे प्रमाण ऋतू व बांबूच्या वयानुसार बदलते. पावसाळा संपल्यावर, तीन वर्षांवरील पक्का बांबू तोडणे हा खरा उपाय. वद्य पक्षाचा नियम पाळणारा अनुभवी कारागीर सहसा हेही पाळतो, आणि श्रेय चंद्राला जाते.

चंद्र समुद्राला भरती आणतो, मग झाडातील रसही ओढत असला पाहिजे, असा युक्तिवाद नेहमी केला जातो. कोकणच्या किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेला उधाण येते, हे खरेच. पण भरती येते ती हजारो किलोमीटर पसरलेल्या समुद्राच्या एका टोकावर आणि दुसऱ्या टोकावर चंद्राची ओढ वेगवेगळी असल्याने. हातभर रोपाच्या शेंड्यात आणि मुळात हा फरक नगण्य असतो. चांदण्याचे म्हणावे, तर दुपारचे ऊन पौर्णिमेच्या प्रकाशापेक्षा सुमारे चार लाख पट प्रखर असते. स्पेनमधील संशोधकांनी 2020 मध्ये या विषयावरील वाङ्मयाचा आढावा घेतला, तेव्हा चंद्रकलांनुसार पेरणी-लावणी करण्याला विश्वासार्ह आधार नसल्याचेच त्यांनी नमूद केले.

तिथी पाहून फवारणी नको

धोका आहे तो शास्त्रीय सल्ल्याचेच कर्मकांड होण्याचा. अमावास्या आली, पंप पाठीवर घेतला, असे झाले तर एका अंधश्रद्धेची जागा दुसरी घेते. फवारणीची किंमत केवळ पैशात मोजली जात नाही. 2017 च्या पावसाळ्याअखेरीस यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून अधिक शेतकरी आणि शेतमजुरांनी प्राण गमावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्यांत दुसऱ्याच्या शेतात रोजंदारीने फवारणारे मजूरही होते. अनावश्यक ठरलेली प्रत्येक फवारणी त्यांच्याच श्वासात जाते.

म्हणून शिफारस तिथीवर थांबत नाही. हेक्टरी पाच कामगंध सापळे लावावेत. मादीच्या गंधाचे आमिष असलेल्या या सापळ्यात नर पतंग अडकतात. सलग तीन दिवस प्रत्येक सापळ्यात आठ किंवा अधिक पतंग आढळले, तर आर्थिक नुकसानीची पातळी गाठली असे समजतात. फुलोऱ्यात असताना पाकळ्या न उमललेली, गुलाबाच्या कळीसारखी दिसणारी फुले, म्हणजेच डोमकळ्या, वेचून नष्ट कराव्यात. बोंडे धरल्यावर शेताच्या वेगवेगळ्या भागांतील 20 हिरवी बोंडे फोडून पाहावीत. त्यांतील दोन किंवा अधिक किडलेली निघाली, तरच रासायनिक उपायाचा विचार करावा, आणि तोही हातमोजे, मुखपट्टी आणि वाऱ्याची दिशा सांभाळून.

पोळा, सर्वपित्री आणि लक्ष्मीपूजन या तीन अमावास्या शहरातही सर्वांना ठाऊक असतात. पोळ्याच्या सुमारास कपाशीत पात्या आणि फुले पाहायची, सर्वपित्रीला डोमकळ्या आणि कोवळी बोंडे, आणि लक्ष्मीपूजनाला, वेचणी सुरू झालेली असताना, झाडावर उरलेली हिरवी बोंडे. डिसेंबरनंतर पाणी देऊन पऱ्हाटी उभी ठेवण्याची, म्हणजे फरदड घेण्याची पद्धत बंद केली, तर अळीला पुढील हंगामापर्यंत तग धरण्यास आसरा उरत नाही. हा उपाय ज्या दिवशी करावा त्याला कोणतीही तिथी पाहावी लागत नाही.